मुदत आणि दफ्तर : मावळातील माहितीच्या विलंबाचा इतिहास

सरकारदरबारी अर्ज करावा आणि उत्तराची वाट पाहावी, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्याला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. विलंब हा कारभाराचा दोष मानला जातो. आळस, अनास्था, मनुष्यबळाची उणीव अशी त्याची कारणे सांगितली जातात आणि विषय तेथेच संपतो. परंतु कोणाच्या कामाला मुदत असावी आणि कोणाच्या कामाला असू नये, हे प्रत्येक राजवटीने आपापल्या परीने ठरविलेले असते, आणि ते जसे ठरते तसा त्या काळचा विलंब घडतो. या दृष्टीने पाहिले असता माहिती मागणारा प्रजाजन आणि माहिती बाळगणारे दफ्तर यांच्या संबंधाचा इतिहास हा मुख्यतः मुदतीच्या वाटणीचा इतिहास ठरतो. प्रस्तुत लेखात तो पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका व त्याच्या दक्षिणेचा मुळशीचा प्रदेश यांच्या आधारे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

मावळची निवड करण्यास कारण आहे. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ मिळून झालेल्या या तालुक्यातील जमीन गेल्या पावणेदोनशे वर्षांत अनेकदा सार्वजनिक कामासाठी घेतली गेली. बोरघाटातून गेलेला व १८६३ साली खुला झालेला लोहमार्ग, लोणावळ्याच्या परिसरातील टाटांचे तलाव, पवना धरण आणि २००२ साली पूर्णपणे खुला झालेला मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग हे त्यांतील ठळक टप्पे होत. जेथे जमीन वारंवार हात बदलते, तेथे जमिनीविषयीची माहिती कोणास आणि केव्हा मिळाली या प्रश्नाला पोटापाण्याचे महत्त्व येते.

१. शब्दांची साक्ष

विषयात शिरण्यापूर्वी त्याच्या शब्दसंपत्तीकडे पाहणे उपयुक्त होईल. दफ्तर, अर्ज, नक्कल, दाखला, तारीख, मुदत हे सारे शब्द मराठीत फारसीच्या वाटेने आले आणि राज्ये पालटली तरी टिकून राहिले. ‘दिरंगाई’ हाही त्यांचाच सोबती. त्याच्या मुळाशी उशीर या अर्थाचा फारसी ‘दिरंग’ शब्द आहे. त्याच्या जोडीला संस्कृतातून आलेला ‘विलंब’ शब्द आहे. त्यातील धातूचा अर्थ लोंबणे असा आहे. कोशात हे दोन शब्द पर्याय म्हणून दिले, तरी वापरात ते एकमेकांची जागा घेत नाहीत. विलंब बहुधा ‘होतो’ किंवा ‘लागतो’. दिरंगाई बहुधा कोणीतरी ‘करतो’. पहिल्या शब्दात कर्ता नसला तरी चालते, दुसऱ्यात तो निदान गृहीत धरावा लागतो.

महाराष्ट्राच्या २००५ च्या अधिनियमाच्या लांबलचक नावात शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या ‘विलंबास’ प्रतिबंध असे शब्द आहेत. लोकांनी मात्र त्याला ‘दफ्तर दिरंगाई कायदा’ असे नाव दिले. विधिमंडळाने जी गोष्ट आपोआप घडणारी म्हणून लिहिली, ती कोणीतरी करतो अशी लोकांची समजूत होती, हे या नामांतरावरून दिसते.

कचेरीच्या पत्रव्यवहाराची मराठी या बाबतीत अधिक सावध आहे. अर्ज ‘वर्ग करण्यात येत आहे’, प्रकरण ‘विचाराधीन आहे’, कागद ‘अभिलेखात आढळून येत नाही’, अशी तिची वाक्ये असतात. कोण वर्ग करतो, कोणाच्या विचाराधीन आहे, कोणी शोधले आणि कोणास आढळले नाही, हे त्यांत कोठेच येत नाही. ही रचना व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. किंबहुना पदापेक्षा व्यक्तीला महत्त्व येऊ नये हा तिचा मूळ हेतू रास्तच म्हणावा लागेल. परंतु उत्तर देण्याची जबाबदारी निश्चित करावयाची वेळ आली की हेच कर्तृहीन वाक्य ढालीचे काम करते. माहितीच्या कायद्याचा पुढील इतिहास हा एका अर्थाने या वाक्याला कर्ता जोडण्याचा इतिहास आहे.

२. महजर ते इनाम कमिशन

शिवकालात आणि पेशवाईत मावळातील वतनाचे तंटे गोतसभेपुढे चालत. निवाड्याचा महजर होई. त्यावर उपस्थितांची नावे व निशाण्या पडत. हरलेला पक्ष यजितपत्र लिहून देई. या व्यवस्थेचा प्रस्तुत विषयाशी संबंधित असा विशेष हा की, निवाड्याचा कागद पक्षकाराच्या घरी राही. देशमुख-देशपांड्यांच्या घराण्यांत हे कागद पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले, आणि पुढे महाराष्ट्राच्या इतिहाससंशोधनाचा पाया त्यांवरच घातला गेला. अर्थात या काळाचे चित्र आदर्श म्हणून रंगविण्याचे कारण नाही. तंटे दीर्घकाळ चालत, आणि ज्याच्याकडे वतन नव्हते त्याच्या घरी कागदही नव्हता. तथापि ज्याला हक्क होता त्याला त्या हक्काचा पुरावा सरकारकडे मागावा लागत नसे.

१८१८ नंतर ही स्थिती पालटली. पेशव्यांचे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांनी आपला हक्क सिद्ध करावा असे ठरले. त्यांच्या सनदा ताडून पाहण्यासाठी सरकारने पुण्याच्या दफ्तराचा उपयोग केला. पुरावा मागणारा पक्ष आणि पुराव्याचा साठा ताब्यात ठेवणारा पक्ष एकच झाला. मराठी मुलखातील माहितीच्या असमतोलाचा आधुनिक प्रारंभ येथे मानावयास हरकत नाही.

त्या दफ्तराची पुढील कथा इतिहासाच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. तरी विलंबाच्या दृष्टीने ती पुन्हा पाहण्याजोगी आहे. गणेश चिमणाजी वाड यांना रोजनिश्यांतून उतारे निवडण्याची संधी मिळाली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ते खंडशः प्रसिद्ध झाले. सर्वसामान्य संशोधकाला मात्र दफ्तराचे दार बंदच राहिले. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले ते त्याच पुणे शहरात. परंतु मंडळाच्या संशोधकांना गावोगाव हिंडून खासगी घराण्यांचे कागद गोळा करावे लागले. अखेर गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे निवडीचे काम सोपविण्यात आले आणि १९३० पासून १९३४ पर्यंत ४५ खंड बाहेर पडले. १८१८ पासून मोजले तर ही प्रतीक्षा ११२ वर्षांची होते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे १९२६ च्या अखेरीस निवर्तले; ज्याने कागदासाठी आयुष्य वेचले त्याला या खंडांतील एकही पाहावयास मिळाला नाही. उत्तर शेवटी आले, परंतु विचारणाऱ्यांपैकी एक पिढी तोवर निघून गेली होती.

रियासतकार सरदेसाई यांनी आपल्या उत्तरायुष्यात वास्तव्यासाठी निवडलेले गाव कामशेत हे मावळातील होय. तेथेच १९५९ साली त्यांचे निधन झाले. ज्या मावळातील जमिनीचे कागद पुढे वादाचा विषय व्हावयाचे होते, त्याच मावळात दफ्तर उघडविणारा इतिहासकार राहिला, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

३. जमीन आणि ३० दिवस

८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्याच्या धरणाची पायाभरणी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांचे पाणी खोपोलीस उतरवून १९१५ साली मुंबईला वीज पुरविण्यात आली. या यशानंतर मुळशीची योजना पुढे आली. मुळा आणि निळा यांच्या संगमाजवळ धरण बांधावयाचे, आणि त्यासाठी मावळ्यांची गावे व भातखाचरे पाण्याखाली घालावयाची, असे तिचे स्वरूप होते. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रहास आरंभ झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे अग्रणी होते. ‘सेनापती’ ही पदवी बापटांना याच लढ्याने दिली.

मुळशीच्या लढ्याचे विवेचन बहुधा धरण व विस्थापन या अंगाने केले जाते. माहितीच्या अंगाने पाहिल्यास आणखी एक गोष्ट दिसते. जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेतली जात होती. त्या कायद्यात राजपत्रातील अधिसूचनेची आणि स्थानिक जाहीर सूचनेची तरतूद होती. नुकसानभरपाईबद्दल म्हणणे मांडण्यासाठी संबंधितांस नोटीस मिळे. परंतु जमीन मुळात घ्यावी की नाही याविषयी हरकत घेऊन सुनावणी मागण्याचा हक्क सत्याग्रह सुरू झाला तेव्हा कायद्यात नव्हता. बऱ्याच जमिनी कागदोपत्री सावकारांच्या ताब्यात होत्या. सावकार नुकसानभरपाई घेण्यास राजी होता, तर कसणारा जमीन सोडण्यास राजी नव्हता. सरकारी कागदाला ठाऊक असलेला धनी आणि शेताला ठाऊक असलेला धनी निराळे होते, आणि कायद्याचा संवाद मुख्यतः पहिल्याशी चालत होता.

१९२३ साली भूसंपादन कायद्यात कलम ५-अ घालण्यात आले आणि हितसंबंधी व्यक्तीस अधिसूचना निघाल्यापासून ३० दिवसांत हरकत घेण्याची मुभा मिळाली. तातडीचे कारण दाखवून ही पायरी वगळण्याची सोयही होती. याच १९२३ सालात शासकीय गुपिते अधिनियम आला. दोन्ही कायदे एकत्र वाचले म्हणजे त्या काळची मुदतीची वाटणी स्पष्ट होते. प्रजाजनाने ३० दिवसांत आपले म्हणणे मांडावे, नाहीतर त्याचा हक्क बुडाला. परंतु ते म्हणणे मांडण्यासाठी लागणारे नकाशे, अहवाल वा अंदाज सरकारने त्याला किती दिवसांत द्यावेत, याविषयी कायदा मौन बाळगून होता. उलट सरकारी कागद बाहेर गेल्यास शिक्षेची भीती होती. १८९४ चा हा कायदा स्वातंत्र्यानंतरही कायम राहिला. त्याची जागा नव्या कायद्याने घेतली ती १ जानेवारी २०१४ रोजी.

४. खुले दफ्तर, बंद खिडकी

येथे एक आक्षेप संभवतो. जमिनीचे कागद कायद्याने गुप्त कधीच नव्हते, असे कोणी म्हणेल. आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ७६ व्या कलमानुसार, ज्या सार्वजनिक दस्तऐवजाचे निरीक्षण करण्याचा एखाद्यास हक्क आहे त्याची प्रमाणित नक्कल मागताच देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या ३२७ व्या कलमाने नकाशे व भूमी अभिलेख निरीक्षणास खुले ठेवले. त्याच संहितेच्या १५० व्या कलमानुसार फेरफाराची नोंद होताच तलाठ्याने तिची प्रत चावडीत लावावी आणि संबंधितांस लेखी कळवावे, असे आहे.

तेव्हा उणीव हक्काची नव्हती. उणीव दोन गोष्टींची होती : उत्तराला दिवसांची मर्यादा नव्हती आणि ती मोडणाऱ्याला दंड नव्हता. ज्या हक्काला मुदत नाही तो नाकारावा लागत नाही. नुसता लांबविला तरी पुरते. ‘साहेब फिरतीवर आहेत’ या एका वाक्यात कोणताही नकार नाही, आणि तरीही कागद मिळत नाही. द्रुतगती मार्ग झाल्यावर मावळच्या जमिनीला जी मागणी आली, तिच्यामुळे या लांबणीला पैशाचे मोल आले. नोंद आज कळणे आणि वर्षाने कळणे यांत पूर्वी गैरसोयीचा फरक होता. आता त्या अवधीत जमीन दोनदा विकली जाऊ शकत होती.

५. कायद्याने घातलेली मुदत

महाराष्ट्राने २००२ साली माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा केला. त्याच्या अंमलासाठी राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांना ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण करावे लागले. पुढे केंद्रीय अधिनियमास १५ जून २००५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १२ ऑक्टोबर २००५ रोजी तो पूर्णपणे अंमलात आला.

या अधिनियमाचे ऐतिहासिक महत्त्व त्याच्या मुदतींत आहे. १९२३ साली ३० दिवसांची मुदत प्रजाजनावर होती. २००५ साली तीच ३० दिवसांची मुदत सरकारवर आली. अर्ज चुकीच्या कचेरीत गेला असेल तर तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवावयाचा. व्यक्तीच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत उत्तर द्यावयाचे. मुदत टळली तर ते मौनच नकार मानावयाचे आणि माहिती पुढे विनामूल्य द्यावयाची. शिवाय प्रत्येक कचेरीत जन माहिती अधिकारी नेमला गेला आणि शास्ती त्या अधिकाऱ्यावर व्यक्तिशः ठेवली गेली. ‘करण्यात येत आहे’ या वाक्याला प्रथमच कर्ता मिळाला.

परंतु ही मुदतींची साखळी शेवटपर्यंत जात नाही. समजा, वडगाव मावळच्या एखाद्या कचेरीत १ जूनला अर्ज पडला. उत्तराची मुदत १ जुलैला संपेल. अर्जदाराने त्याच दिवशी प्रथम अपील केले, तर त्याचा निर्णय ३० दिवसांत, आणि कारणे नमूद केल्यास फार तर ४५ दिवसांत, म्हणजे १५ ऑगस्टपर्यंत व्हावयास हवा. त्यापुढे राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. ते करण्यास नागरिकाला ९० दिवसांची मर्यादा आहे. आयोगाने ते किती दिवसांत निकालात काढावे, याला मात्र कायद्यात मर्यादाच नाही. पेरणीच्या वेळी टाकलेल्या अर्जाचा निकाल त्या सालच्या भातकापणीपूर्वी लागेल की पुढच्या एखाद्या सालच्या, हे सांगता येत नाही. ३० जून २०२३ रोजी महाराष्ट्राच्या आयोगापुढे सुमारे १ लाख १५ हजार प्रकरणे पडून होती. देशातील कोणत्याही आयोगापेक्षा ही संख्या अधिक होती. आयुक्तांच्या जागा वेळेवर भराव्यात असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली बजावले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ उलगडतो.

शास्तीच्या तरतुदीतही अशीच एक खाच आहे. दर दिवसास २५० रुपये आणि कमाल २५,००० रुपये असा दर असल्याने १०० दिवसांनंतर दंड वाढत नाही. शंभर दिवसांचा विलंब आणि हजार दिवसांचा विलंब कायद्याच्या हिशेबी सारखाच. मुदत पुन्हा एकदा मधेच सुटते.

६. तळेगावची घटना

ही सारी चर्चा केवळ कार्यपद्धतीची नाही, हे मावळात एका घटनेने दाखवून दिले. तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी हे माहितीच्या अधिकाराचा सातत्याने उपयोग करणारे कार्यकर्ते होते. मावळातील ताजे व पिंपळोली या गावांच्या जमीनव्यवहारांत बनावट कागदपत्रांचा वापर झाल्याची तक्रार त्यांनी केली होती. त्यांनी पोलीस संरक्षणही मागितले होते. ते त्यांना मिळाले नाही. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरावयास गेले असता तळेगावात त्यांचा खून झाला. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली आणि तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. त्या विभागाने २०१४ साली तपास बंद करण्याचा अहवाल दिला. प्रकरण नंतर पुन्हा उघडले गेले. परंतु या खुनाबद्दल कोणाचाही अपराध न्यायालयात सिद्ध झालेला नाही.

या घटनाक्रमात दोन अर्ज आहेत आणि त्यांतील भेद मननीय आहे. माहितीच्या अर्जाला कायद्याने ३० दिवसांची मुदत होती. संरक्षणाच्या अर्जाला तशी मुदत नव्हती. पहिल्या अर्जांतून जे बाहेर आले, त्याने दुसऱ्या अर्जाची गरज निर्माण केली. जागल्यांच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा २०१४ साली संमत झाला खरा, परंतु तो अंमलात आणण्याची तारीखच शासनाने ठरविली नाही. कायद्याच्या अंमलालाच मुदत नसणे हा विलंबाचा परमावधी म्हटला पाहिजे.

याच मावळात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर पवना जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार होऊन तिघांचा बळी गेला. त्या प्रश्नाची कारणे पाण्याच्या वाटणीत व जमिनीच्या जुन्या दुखण्यांत आहेत. त्याचा उलगडा केवळ माहितीच्या अभावाने होत नाही. तथापि योजनेचे कागद आणि योजनेखालची माणसे यांतील जे अंतर मुळशीत दिसले होते, ते नव्वद वर्षांनंतरही मिटले नव्हते, एवढे त्यावरून म्हणता येईल.

७. कचेरीची बाजू

न्यायाच्या दृष्टीने कचेरीची बाजूही मांडली पाहिजे. तलाठ्याकडे एकाहून अधिक गावांचा भार असतो. वसुली, पंचनामे, निवडणुका, पीकपाहणी ही कामे त्यालाच करावी लागतात. काही अर्ज त्रास देण्याच्या हेतूने येतात, आणि काही इतके मोघम असतात की नेमके काय हवे ते कळत नाही. महाराष्ट्राने २०१२ साली नियमांत दुरुस्ती करून अर्ज एकाच विषयाचा व १५० शब्दांचा असावा असे ठरविले, ते याच तक्रारीतून.

हा उपाय भाषेच्या अंगाने तपासून पाहण्याजोगा आहे. १५० शब्दांत नेमकी मागणी लिहिता येते ती ज्याला कागदाचे नाव ठाऊक आहे त्याला. ‘अमुक क्रमांकाच्या फेरफाराच्या संचिकेतील टिप्पणी व आदेश’ असे वकील एका ओळीत लिहितो. ज्याला संचिका म्हणजे काय हेच ठाऊक नाही, तो आपली सारी हकीकत सांगतो, कारण कोणता कागद हवा हे हकीकतीवरून कचेरीनेच ओळखावे अशी त्याची अपेक्षा असते. तेव्हा शब्दमर्यादेचा भार अडाण्यावर अधिक पडतो. खरा उपाय अधिनियमाच्या ४ थ्या कलमातच आहे : कोणाकडे कोणते अभिलेख आहेत त्याची सूची आणि निर्णयांची माहिती कचेरीने मागणीवाचून आपण होऊन प्रसिद्ध करावी. १ मे २०१८ पासून राज्यात अंकीय स्वाक्षरीचा सातबारा संगणकावरून मिळू लागला. त्या एका कागदापुरती तलाठ्याची खिडकी आणि तिच्यापुढची रांग अनावश्यक झाली. आदेश, मोजणीचे कागद व टिप्पण्या यांबाबत असे झाले नाही, आणि अर्ज व अपिले मुख्यतः यांसाठीच होत राहतात. ज्या कागदाला अर्जच लागत नाही, त्याच्या उत्तराला विलंबही होत नाही.

उपसंहार

महजराच्या काळी कागद पक्षकाराच्या घरी होता. १८१८ नंतर तो दफ्तरात गेला. १९२३ साली प्रजाजनाला मुदत घालण्यात आली. २००५ साली ती दफ्तराला घालण्यात आली. या क्रमात सुधारणा निश्चितच आहे. परंतु प्रत्येक टप्प्यावर मुदतीची साखळी कोठेतरी सोडून दिलेली आढळते, आणि विलंब नेमका त्या सुटलेल्या कडीत जाऊन बसतो : काल तो तलाठ्याच्या खिडकीत होता, आज तो आयोगाच्या सूचीत आहे. म्हणून विलंबाचा विचार करताना अधिकाऱ्याच्या स्वभावापेक्षा कायद्यातील दिवसांचा हिशेब आधी तपासावा लागतो. इतिहाससंशोधकाला दफ्तरासाठी ११२ वर्षे थांबता आले, कारण त्याचा विषय होऊन गेलेला होता. मावळातील शेतकऱ्याचा विषय चालू असतो. त्याला उत्तर मिळेपर्यंत जमीन त्याची राहिलेली असेलच असे नाही.